ताकाला जाऊन भांडं

अमेरिकेतल्या कॉलेज-खेळाडूंसाठी २०१३ सालापर्यंत एक अजब नियम होता. विद्यापीठाने मुलांना अधल्यामधल्या वेळी फळं द्यावीत, सुका मेवा द्यावा, बेगलसुद्धा द्यावा. पण त्या बेगलला क्रीम चीज किंवा जॅम लावलं की तो फराळ न राहता जेवण होई, आणि असं वरचं जेवण म्हणजे खेळाडूला मिळालेला गैरवाजवी लाभ. बेगल हा मधे भोक असलेला चिवट पाव. तो एकदा कोरडा खाऊन पाहा, म्हणजे नियम करणाऱ्यांच्या मनाचा अंदाज येईल. हा नियम लागू होता त्याच काळात, २०१० साली, मार्चमधल्या कॉलेज बास्केटबॉल स्पर्धेचे प्रक्षेपण हक्क १४ वर्षांसाठी १०.८ अब्ज डॉलरना विकले गेले. हा सौदा करणारी संस्था एनसीएए, आणि जॅमचं कलमही तिच्याच नियमपुस्तकातलं.

हे मुद्दाम आधी सांगून ठेवतो, कारण पुढे मी जुन्या दिवसांबद्दल हळवा होणार आहे. आमच्या विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळा जमला की हल्ली एकच रड ऐकू येते: खेळाचा बाजार झाला, पोरं बोली लावून घेतात, पूर्वीसारखी निष्ठा राहिली नाही. मान डोलावणाऱ्यांत मीही असतो. पण घरी परतताना गाडीत हिशेब मांडायला लागलं, की मान डोलावल्याची जरा लाज वाटते.

मी १९९१ साली सांगलीहून मिडवेस्टातल्या एका सरकारी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकायला आलो. नाव सांगत नाही. पुढे जे सांगायचंय ते त्या पट्ट्यातल्या कुठल्याही विद्यापीठाला लागू पडलं असतं. शरद ऋतूतल्या शनिवारी ते गाव ओळखू येत नसे. एरवी रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि त्या दिवशी पहाटेपासून गाड्यांची रांग, वाहनतळावर शेगड्या पेटलेल्या, मक्याच्या कणसांचा आणि सॉसेजचा धूर, कॉलेजच्या रंगाचे कोट घातलेले सत्तरीचे आजोबा आणि अंगाला रंग फासलेली त्यांची नातवंडं. खासबागेत कुस्त्यांचं मैदान भरलं की कोल्हापूर जसं एका दिशेने चालू लागतं, तसंच हे. बँड मैदानात उतरला की न कळणाऱ्या खेळासाठीसुद्धा माझ्या अंगावर काटा यायचा. फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा खेळ, हा समज पहिल्याच शनिवारी गेला. नियम कळायला दोन हिवाळे गेले.

आणि मुलं ओळखीची होत. हे आज सांगितलं तर कोणाला खरं वाटणार नाही. एक मुलगा पहिल्या वर्षी बाकावर बसलेला दिसायचा, दुसऱ्या वर्षी शेवटच्या पाच मिनिटांत उतरायचा, तिसऱ्या वर्षी चेंडू त्याच्याकडे यायला लागायचा आणि चौथ्या वर्षीच्या शेवटच्या सामन्याला त्याची आई मैदानात उतरून त्याचा हात धरून उभी राहायची. चार वर्षं एखाद्याला असं वाढताना पाहिलं की तो आपलाच वाटायला लागतो. सोडून जायचं त्याच्या मनात आलं असतं तरी सहज जाता येत नसे. दुसऱ्या विद्यापीठात गेला तर एक वर्ष खेळण्याविना घरी बसावं लागे. आम्ही त्याला निष्ठा म्हणायचो.

विद्यापीठात मला खेळाडूंचा ट्यूटर म्हणून काम मिळालं, ताशी पाच डॉलरचं. एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याला कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं, ते मी वहीत लिहून ठेवायचो. गंमत म्हणजे एनसीएएने खेळाडूंच्या सरावालाही त्याच सुमारास आठवड्याला २० तासांची मर्यादा घातली होती. फरक इतकाच, की माझे २० तास म्हणजे २० तास. त्यांच्या २० तासांत प्रवास धरत नसत, दुखापतीवरचे उपचार धरत नसत, ‘ऐच्छिक’ व्यायाम धरत नसत. सामना दिवसभर चालला तरी तो तीनच तासांचा धरायचा. ऐच्छिक व्यायामाला जो येत नसे त्याचं नाव प्रशिक्षक लक्षात ठेवत, एवढंच ते ऐच्छिक.

संध्याकाळी साडेसातला मुलं अभ्यासिकेत यायची. फुटबॉल संघातला एक दांडगा लाइनबॅकर गुडघ्यावर बर्फाची पिशवी बांधून बसायचा; पिशवी वितळून त्याच्या वहीवर पाणी ओघळायचं आणि शाई पसरायची. प्रमाण विचलन त्याच्या डोक्यात शिरेना म्हणून मी त्याच्याच संघाच्या गेल्या पाच सामन्यांतल्या यार्डांचे आकडे घेतले, तेव्हा मात्र त्याने मला तीन चुका दाखवल्या. बुद्धीने कमी नव्हता. सकाळी साडेपाचला उठून, मार खाऊन आलेला असायचा. आठ वाजता डोळे मिटायचे.

कामावर घेताना आम्हाला बजावलं होतं: खेळाडूला गाडीतून सोडायचं नाही, कॉफी पाजायची नाही, त्याचा निबंध टाइप करून द्यायचा नाही. शेवटची अट मला पटायची. पहिल्या दोन सांगली-मिरजेच्या माणसाला जड जातात. दिवाळीत आईने पाठवलेला चकल्यांचा डबा माझ्या टेबलावर होता. चकली फळांत बसते, की मेव्यात, की आणखी कशात, हे कोणी सांगू शकलं नसतं. मी डबा कोणापुढे केला नाही. टेबलावर विसरलो आणि झेरॉक्स काढायला गेलो. परत आलो तेव्हा लाइनबॅकर प्रमाण विचलनाकडे फार गंभीरपणे पाहत होता आणि डब्यात भुगा होता.

तळाशी भुगा आणि वर अब्जांची उलाढाल, असा तो काळ. शिष्यवृत्तीत फी, खोली, जेवण आणि पुस्तकं एवढं मिळे. पूर्ण शिष्यवृत्तीवाल्या मुलाला वर्ग चालू असताना नोकरी करायची मुभा नव्हती. म्हणजे घरून पैसे येत नसतील तर सिनेमाचं तिकीट कुठून काढायचं हा त्याचा प्रश्न. १९७३ पासून ही शिष्यवृत्ती वर्षावर्षाची झाली होती. प्रशिक्षकाच्या मनातून उतरला किंवा गुडघा गेला, तर पुढल्या वर्षी ती मिळेलच अशी खात्री नाही. आम्ही ज्या निष्ठेचे गोडवे गातो ती निष्ठा अशी एकाच बाजूने वाहत होती. मुलगा गेला तर त्याला वर्षाची शिक्षा; प्रशिक्षक मात्र शनिवारचा सामना खेळवून सोमवारी दुसऱ्या विद्यापीठात दुप्पट पगारावर रुजू होई आणि त्याला ‘करिअर’ म्हणत.

त्या वर्षीची खरी हवा आमच्या शेजारच्या मिशिगन विद्यापीठात होती. १९९१ च्या हिवाळ्यात तिथे पहिल्या वर्षाच्या पाच मुलांनी बास्केटबॉलचा संघच ताब्यात घेतला: ख्रिस वेबर, जेलन रोझ, जुवान हॉवर्ड, जिमी किंग, रे जॅक्सन. सैल, गुडघ्यापर्यंतच्या चड्ड्या, काळे मोजे. आमच्या वसतिगृहातली गोरी-काळी, देशी-चिनी सगळी पोरं काळे मोजे घालून फिरायला लागली. सलग दोन वर्षं ते अंतिम सामन्यात हरले. १९९३ चा तो शेवट मी सामुदायिक खोलीत जमिनीवर बसून पाहिला: शेवटची काही सेकंदं, मिशिगन दोन गुणांनी मागे, आणि वेबरने हातांनी खूण करून टाइम-आउट मागितला. संघाचे टाइम-आउट संपलेले होते, म्हणून तो नियमभंग ठरला. नॉर्थ कॅरोलिना जिंकलं.

त्या वेबरचा क्रमांक असलेला शर्ट गावातल्या दुकानात टांगलेला असे आणि त्याच्या खिशात जेवायला पैसे नसत, ही तक्रार त्याने स्वतःच एका पत्रकाराजवळ केली होती. शर्टाच्या विक्रीतला एक सेंट त्याला मिळत नव्हता. पुढे उघडकीला आलं की डेट्रॉइटमधला एड मार्टिन नावाचा एक हौशी आश्रयदाता (फोर्ड कारखान्यातला निवृत्त वीजतंत्री, जोडधंदा आकड्यांच्या जुगाराचा) मिशिगनच्या चार खेळाडूंना बेकायदा पैसे देत होता. त्या चौघांत त्या पाचांपैकी एकटा वेबर. २००२ साली विद्यापीठाने १९९२ आणि १९९३ चे दोन्ही झेंडे छतावरून उतरवले. खेळाडूंवर ठपका आला. त्या दोन वर्षांत विकलेल्या तिकिटांचे पैसे कोणी कोणाला परत केल्याचं माझ्या कानावर नाही.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. आणि नाकाने कांदे सोलणारे तेच लोक, ज्यांचा प्रत्येकाचा पगार चोख होता.

मागे जावं तितकं हे जुनं निघतं. अमेरिकेतली पहिली आंतर-कॉलेज स्पर्धा म्हणजे १८५२ सालची हार्वर्ड आणि येलची नौकाशर्यत, न्यू हॅम्पशरच्या विनिपसॉकी तळ्यावरची. ती कोणी भरवली? रेल्वे कंपनीने. गाड्यांना गर्दी व्हावी म्हणून मुलांचा सगळा खर्च कंपनीने उचलला. म्हणजे श्रीगणेशाच प्रायोजकाच्या हाताने झाला. १९२९ मध्ये कार्नेगी प्रतिष्ठानचा जाडजूड अहवाल आला. पाहणी केलेल्या कॉलेजांपैकी बहुसंख्य ठिकाणी खेळाडूंना या ना त्या मार्गाने आमिष दाखवलं जातं, असं त्यात म्हटलं होतं. म्हणजे आमच्या आजोबांच्या वयाची माणसंही ‘पूर्वी असं नव्हतं’ म्हणत असणार.

आणि ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा जो शब्द एनसीएए जपमाळेसारखा ओढत आली, तो १९५० च्या दशकात घडवला गेला. कोलोरॅडोत १९५५ साली रे डेनिसन नावाचा खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून वारला. त्याच्या विधवेने कामगार म्हणून भरपाई मागितली. दोन वर्षांनी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नाकारली: तो नोकर नव्हता. मुलगा विद्यार्थी ठरला की भरपाईचा प्रश्नच मिटतो. १९५१ ते १९८८ एनसीएएचा गाडा हाकणारे वॉल्टर बायर्स यांनी निवृत्तीनंतर, १९९५ मध्ये, पुस्तक लिहून या सगळ्या व्यवस्थेवरच कोरडे ओढले. उशिरा, पण ओढले.

आपल्याकडे तोंडदेखलेपणा नव्हता असं नाही, पण त्याची तऱ्हा वेगळी. शाहू महाराजांनी पैलवानांना आश्रय दिला तो उघड. खुराकाला पैसे लागतात हे तालमीतल्या कोणालाही समजावून सांगावं लागत नसे. बदाम, तूप, दूध घेणारा पैलवान भ्रष्ट झाला असं कोल्हापुरात कोणी म्हटलं असतं तर त्याला लोकांनी वेड्यात काढलं असतं. मुंबईच्या क्रिकेटने वेगळी वाट काढली: टाइम्स शील्डसाठी कंपन्या आणि बँका खेळाडूंना नोकरीवर ठेवत. अजित वाडेकर स्टेट बँकेत होते. त्यांचं तिथलं काम खरंखुरं होतं, पण अनेकांच्या बाबतीत पगार बँकेचा आणि घाम मैदानावरचा. अमेरिकेने खेळाला शिक्षणाचा मुखवटा चढवला, आपण नोकरीचा. आमच्या मुखवट्याखाली निदान महिन्याच्या महिन्याला पगार आणि म्हातारपणी पेन्शन होतं. 

शिक्षणाच्या मुखवट्यामागे कुठे कुठे शिक्षणही नव्हतं. चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात १९९३ ते २०११ असे वर्ग चालत, ज्यांना वर्गच नव्हता. एक निबंध द्यायचा, गुण घ्यायचे. तीन हजारांवर विद्यार्थ्यांनी ते घेतले, त्यांतले जवळपास निम्मे खेळाडू. २०१७ मध्ये एनसीएएने चौकशी करून विद्यापीठाला शिक्षा केली नाही, कारण त्या वर्गांत खेळाडूंखेरीज इतर मुलंही होती. जॅमला शिक्षा, याला नाही. माझ्या लाइनबॅकरला निदान प्रमाण विचलन आलं.

बांध फुटायला सुरुवात झाली ती एका मुलाच्या भुकेने. २०१४ च्या एप्रिलमध्ये कनेक्टिकटला विजेतेपद मिळवून देणारा शाबाझ नेपियर पत्रकारांसमोर बोलून गेला, की काही रात्री आपण उपाशीपोटी झोपतो. पुढल्या काही दिवसांत एनसीएएने खेळाडूंच्या जेवणावरची मर्यादा उठवली. २०२१ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढवलेल्या ऑल्स्टन खटल्यात नऊ विरुद्ध शून्य असा खेळाडूंच्या बाजूने निकाल दिला आणि न्या. कॅव्हानॉ यांनी वेगळं टिपण लिहून विचारलं, की कामगारांना पैसे न देणं हेच आमच्या मालाचं वैशिष्ट्य आहे, असं दुसऱ्या कुठल्या धंद्याने म्हटलं तर ते चालेल का? १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःचं नाव, चेहरा वापरून कमवायला मोकळीक मिळाली. ६ जून २०२५ ला न्या. क्लॉडिया विल्कन यांनी मोठी तडजोड मंजूर केली: जुन्या खेळाडूंना २.८ अब्ज डॉलर भरपाई आणि पुढे दर विद्यापीठाला, पहिल्या वर्षी २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत, थेट खेळाडूंना वाटायची परवानगी.

आता भांडं उघड आहे. म्हणून सगळं छान झालं असंही नाही.

आमच्या विद्यापीठाचा मेल येतो. पूर्वी ग्रंथालयाच्या नव्या दालनासाठी वर्गणी मागत. आता फुटबॉल संघाच्या क्वार्टरबॅकसाठी मागतात. टेनेसी विद्यापीठाने २०२५ च्या हंगामासाठी फुटबॉलच्या तिकिटावर १० टक्के जादा आकारले आणि त्याला ‘प्रतिभा शुल्क’ असं नाव दिलं. संघ बदलताना वर्षभर बसायची अट गेली. त्यामुळे हिवाळ्यात मुलं इतकी इकडून तिकडे जातात की मी शर्टाच्या पाठीवरचं नाव वाचतो आणि कोण हा म्हणून नातीला विचारतो. २०२४ च्या सप्टेंबरात नेवाडा-लास व्हेगासच्या संघाचा क्वार्टरबॅक, संघ तिन्ही सामने जिंकलेला असताना, चालू हंगामातच उठून गेला. कबूल केलेले एक लाख डॉलर मिळाले नाहीत, असं त्याच्या बाजूचं म्हणणं. विद्यापीठाने इन्कार केला. आमचे मित्र भडकले. मला राहून राहून वाटलं, माझ्या काळातल्या मुलाला उठून जायची सोय असती तर त्यानेही हेच केलं असतं, आणि बरोबर केलं असतं.

सगळ्यात विचित्र प्रकार परिषदांचा, म्हणजे एकमेकांशी नियमित खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटांचा. पॅसिफिक किनाऱ्याची शंभर वर्षांहून जुनी परिषद टीव्हीच्या पैशापायी दोन वर्षांत कोसळली. आता कॅलिफोर्नियातली स्टॅनफर्ड आणि बर्कली ‘अटलांटिक कोस्ट’ परिषदेत खेळतात. फुटबॉलवाल्यांना खास विमान असतं. व्हॉलीबॉलच्या मुली बुधवारी रात्री हजारो मैल जाऊन शुक्रवारी सकाळी परीक्षेला बसतात. पैसा फुटबॉलचा, जागरण त्यांचं. आणि टेक्सस ए अँड एमने २०२३ मध्ये एका प्रशिक्षकाला काढून टाकलं तेव्हा त्याला न शिकवण्याबद्दल ७.५ कोटी डॉलरहून अधिक द्यायचं कबूल केलं. मुलांच्या हाती पैसा आल्याने सगळं बिघडलं म्हणणाऱ्यांनी हा आकडा एकदा मोठ्याने वाचावा.

काही गोष्टी मात्र निर्विवाद चांगल्या झाल्या, विशेषतः मुलींच्या बाबतीत. कॅन्ससच्या लिनेट वुडर्डने १९७७ ते १९८१ मध्ये कॉलेज बास्केटबॉलमध्ये ३,६४९ गुण केले. एनसीएएने मुलींच्या स्पर्धा तेव्हा हाती घेतलेल्याच नव्हत्या, त्यामुळे तिचा विक्रम कित्येक वर्षं त्यांच्या यादीतही नव्हता. २०२३ च्या ऑक्टोबरात आयोवाच्या फुटबॉल मैदानावर मुलींचा सरावाचा बास्केटबॉल सामना पाहायला ५५,६४६ माणसं आली. त्या सामन्यात खेळलेल्या केटलिन क्लार्कने कॉलेजात असतानाच मोठमोठ्या कंपन्यांच्या जाहिराती केल्या. व्यावसायिक संघातला तिचा पहिल्या वर्षाचा पगार होता ७६,५३५ डॉलर. कॉलेजातली कमाई पगारापेक्षा जास्त. १९९१ मध्ये हे कोणी सांगितलं असतं तर आम्ही हसलो असतो.

ज्याच्यासाठी खरंच जीव तुटतो तो फुकट खेळणारा मुलगा. शिष्यवृत्ती नसलेला, उंचीला कमी, चार वर्षं सरावात मार खायला असलेला, आणि शेवटच्या सामन्यात ४० गुणांची आघाडी असताना दोन मिनिटं उतरलेला. त्या दोन मिनिटांना मैदान जेवढं ओरडायचं तेवढं विजयाला ओरडलेलं मी ऐकलं नाही. तडजोडीच्या मसुद्यात फुटबॉलच्या संघात १०५ च मुलं ठेवायची असं ठरलं आणि अशा मुलांची नावं कापायला सुरुवात झाली. न्यायाधीशबाईंनी त्यांच्यासाठी निकाल अडवून धरला, आधी कापलेल्यांना सवलत मिळाली. पुढे येणाऱ्यांसाठी दार अरुंदच झालं. पैशाच्या हिशेबात जो कधीच नव्हता, तोच पैशाच्या हिशेबात गेला.

जुना नियम जसाच्या तसा मात्र आजही एका जातीच्या खेळाडूला लागू आहे, आणि ती माझी जात: एफ-१ व्हिसावाले. पर्ड्यू विद्यापीठातला कॅनडाचा झॅक ईडी, उंची सात फूट चार इंच, २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षं देशातला सर्वोत्तम खेळाडू. शेजारच्या खुर्चीवरचा अमेरिकन मुलगा दुकानाच्या जाहिरातीत उभा राहून पैसे घेऊ शके. ईडीने अमेरिकेत तेच केलं असतं तर ते बेकायदा काम ठरलं असतं. केंटकीच्या ऑस्कर शीबवेने, तो काँगोचा, यावर तोड काढली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये संघ बहामात खेळायला गेला तेव्हा त्याने जाहिरातींची कामं तिथेच उरकली. काम अमेरिकेच्या भूमीवर झालेलं नाही म्हटल्यावर व्हिसाचं कलम आड येत नाही. ज्या वकिलाने ही युक्ती सुचवली त्याला माझा नमस्कार. माझ्या वेळी आम्हा कोणाला एवढं सुचलं नसतं. आम्ही आपले २० तास इमानेइतबारे वहीत भरत बसलो.